आठवड्याची सुई

शाळेच्या वार्षिकांत स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा व परीक्षांचे निकाल यांच्या शेजारीं सुईची कथा कशाला, असें कोणी वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या शाळेच्या हजेरीपटावर हजाराच्या घरांत नांवें आहेत, तेथें एखादें तरी मूल असें असण्याचा संभव असतो, कीं ज्याच्या घरीं आठवड्यांतून एके रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर फडताळांतून एक लहानसें खोकें खालीं काढलें जातें, आणि पुढला पाव तास घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. तें मूल मग एखादे दिवशीं शाळेंत आलें नाहीं व सोबत्यांनीं मागाहून कारण विचारलें, तर "ताप होता" एवढेंच सांगतें. प्रस्तुत लेख त्या पाव तासाविषयीं आहे. आणि त्याहूनही अधिक त्या उत्तराविषयीं आहे.

आठवड्यास एकदां घरच्या घरीं टोंचून घ्यावयाचीं औषधें आज अनेक रोगांवर दिलीं जातात. त्यांपैकीं शाळेच्या वयाशीं ज्याचा विशेष संबंध येतो असें एकच उदाहरण मी घेतों: मुलांचा संधिवात. "संधिवात, आणि मुलांस?" असें म्हणून पुष्कळ लोक हंसतात. आजीच्या गुडघ्याचें दुखणें नातवास कसें होईल, ही त्यांची शंका. पण आजीचे गुडघे बहुधा झिजलेले असतात; नातवाचे सुजलेले असतात. शरीराची जी रक्षणशक्ति रोगजंतूंशीं झुंजावयाची, तीच वाट चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली, व दुसरें कांहीं कारण न सांपडणारी सांध्यांची सूज, तिला डॉक्टर हें नांव देतात. दही, चिंच, थंड पाणी किंवा पावसांत भिजणें यांनीं ती येत नाहीं. तिची खूण सकाळीं दिसते. रात्रभर निजून उठलेल्या मुलाचीं बोटें मिटत नाहींत, सदऱ्याचीं बटणें लागत नाहींत, जिना उतरतांना कठडा धरावा लागतो; आणि दहा-अकरा वाजतां तेंच मूल बऱ्यापैकीं चालूं लागतें. त्यामुळें पहिल्या तासाचे शिक्षक त्यास आळशी समजतात, व मधल्या सुटींतील सोबती त्यास ढोंगी समजतात. कित्येक मुलांच्या डोळ्यांतही हा दाह शिरतो, आणि तेथें तो बाहेरून दिसत नाहीं व दुखतही नाहीं. म्हणून डोळे ठराविक मुदतीनें तपासून घ्यावे लागतात. उपचारांची हयगय झाली तर सांधे कायमचे आंखडूं शकतात. तेव्हां प्रश्न केवळ आजच्या वेदनेचा नाहीं. ते हात आणि ते पाय पुढें आयुष्यभर कसे चालतील याचा आहे.

या रोगावर जें औषध डॉक्टर वारंवार देतात त्याचें नांव मेथोट्रेक्सेट. त्याचा इतिहास आपल्या मुलांनीं वाचण्यासारखा आहे. आंध्रांतील भीमवरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेंत लेडर्ले या कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते. त्यांचे बंधु स्प्रू नांवाच्या आंतड्यांच्या रोगानें वारले होते. त्या रोगावर गुणकारी ठरलेलें फोलिक आम्ल हें जीवनसत्त्व सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनीं १९४५ च्या सुमारास प्रयोगशाळेंत तयार केलें. आणि मग त्याच आम्लाच्या घडणींत थोडा फेर करून, त्याच्या कार्यास अडथळा करणारीं द्रव्यें तयार केलीं. तसल्या एका द्रव्यानें बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कॅन्सरानें मरणोन्मुख झालेल्या कांहीं मुलांचा रोग कांहीं काळ मागें हटविला. तो वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला, व त्याच वर्षीं सुब्बाराव निवर्तले. मेथोट्रेक्सेट हें याच कुळांतलें. पुढें अल्प प्रमाणांत तें सांध्यांची सूज शमवितें असें आढळून आलें. आणि मुलांच्या संधिवातावरही त्याचा उपयोग होतो हें अमेरिकन व रशियन डॉक्टरांनीं मिळून केलेल्या चांचणींत दिसलें, जिचा अहवाल १९९२ सालचा आहे.

हा कुलवृत्तांत सांगण्याचें कारण असें, कीं औषधविक्रेता पुडी बांधतां बांधतां "हें कॅन्सरचें औषध, घरीं कोणास आहे?" म्हणून विचारतो, आणि बाप घरीं येतो तो अर्धमेला होऊन. कॅन्सरवर याच औषधाची मात्रा कधीं कधीं शेंकडों पटींनीं अधिक असते. संधिवातास आठवड्याला थोडे मिलिग्रॅम पुरतात. एकाच नदीचें पाणी पाटानें वाफ्यांतही येतें आणि पुरानें घरांतही शिरतें. सोबत डॉक्टर फोलिक आम्लाची गोळी देतात, ती बहुधा सुईचा दिवस सोडून. औषधानें जें अडविलें त्यांतलें थोडें शरीरास परत देण्याची ही युक्ति. तिनें मळमळ व तोंड येणें कमी होतें. म्हणजे सुब्बारावांच्या घरचीं दोन्ही भावंडें एकाच खोक्यांत नांदतात.

आतां "आठवड्यास एकदां" या दोन शब्दांकडे वळूं. त्यांतली पहिली गोष्ट जिवाची आहे. हें औषध गोळ्यांच्या रूपानेंही मिळतें, आणि रोजच्या गोळ्यांच्या संवयीनें तें चुकून रोज घेतल्यामुळें अनेक देशांत माणसें दगावलीं आहेत. म्हणून वार एकदां ठरला कीं तो अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा, सुई झाली कीं दिनदर्शिकेवर खूण करावी, आणि चुकलीच तर "आज दोन घेऊं" असा हिशेब घरीं न करतां डॉक्टरांस विचारावें. यकृत व रक्तपेशी यांच्यासाठीं रक्ताची तपासणी सांगितलेली असते, ती बरें वाटूं लागलें म्हणून टाळूं नये. बरें वाटण्यासही वेळ लागतो. सहा ते बारा आठवडे पुष्कळदां वाट पाहावी लागते, आणि तितक्या अवधींत निदान सहा सुया होऊन गेलेल्या असतात, ज्यांचा गुण म्हणून कांहींच दिसलेला नसतो.

दुसरी गोष्ट मनाची आहे, आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. रोजचें काम अंगवळणीं पडतें. मधुमेहाचीं कित्येक मुलें दिवसांतून तीन-चार वेळां सुई टोंचून घेतात, आणि कांहीं महिन्यांनीं वेणी घालण्याविषयीं बोलावें तितक्या सहजतेनें तिच्याविषयीं बोलतात. आठवड्याच्या सुईचें तसें होत नाहीं. सात दिवसांचें अंतर विसरण्यास थोडें आणि संवय होण्यास फार. शनिवारीं रात्रीं सुई झाली, रविवार मळमळींत गेला, सोमवार-मंगळवार निश्चिंत, बुधवारीं अंगांत उत्साह, गुरुवारीं मन कोठें तरी अडखळतें, आणि शुक्रवारीं मूल कारणावांचून धाकट्या भावंडावर खेंकसतें. घरचीं माणसें म्हणतात, "एका क्षणाचें तर काम! मुंगी चावल्यासारखें." सुई अर्ध्या इंचाची व औषध छोट्या चमचाभरही नाहीं, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. पण त्या क्षणाची सांवली दोन-दोन दिवस आधीं पडते, हें त्यांच्या हिशेबांत येत नाहीं. मुलास धीर द्यावयाचा तर तो शुक्रवारीं द्यावा. शनिवारीं रात्रीं दिलेला धीर उशिरा पोंचतो.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यानें कुत्र्यांवर केलेले प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असतील. अन्नाबरोबर वारंवार मिळालेली खूण पुढें नुसती मिळाली, तरी कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटे. मेथोट्रेक्सेट पिवळ्या रंगाचें असतें. दोन-चार वेळां त्यामागून मळमळ आली, कीं पुढें सुई टोंचण्यापूर्वींच, स्पिरिटच्या वासानें, पिवळ्या सरबतानें, क्वचित् "उद्यां शनिवार" एवढ्या शब्दांनींही मुलास ओकारी येते. ही ओकारी खरी असते. तिला नाटक म्हणणाऱ्या वडिलांनीं पावलॉव्हच्या कुत्र्यासही नाटकी म्हणावें. असें होऊं लागलें तर तें डॉक्टरांस लवकर सांगावें. उलटीवरचें औषध आधीं देतां येतें, आणि कधीं मात्रेंत किंवा औषधांतही फेर करतां येतो. घरीं करण्याजोगें असें, कीं जेवणाच्या पाटावर किंवा मुलाच्या अंथरुणावर हें काम करूं नये, त्यासाठीं निराळा कोपरा असावा. मोठ्या माणसानें मात्रा नीट पाहून घेतल्यावर पिवळा भाग रंगीत कागदानें झांकावा. आणि वेळ निजण्यापूर्वींची ठेवावी, म्हणजे पुष्कळशी मळमळ झोंपेंत जाते.

शनिवारची रात्र सोयीची, कारण दुसरे दिवशीं सुटी. यावर एका गृहस्थांनीं मला विचारलें, कीं मग रविवारची उपासना चुकते, तिचें काय? मला वाटतें, देवाच्या मंदिरांत हजेरीपट नसतो.

कृति थोडक्यांत सांगतों. पण डॉक्टरांनीं किंवा परिचारिकेनें प्रत्यक्ष शिकविल्यावांचून ती कोणीं करूं नये. हात साबणानें धुवावे. जागा मांडीच्या पुढच्या बाजूची, किंवा बेंबीपासून दोन बोटें दूर पोटाची. एकदां उजवी तर एकदां डावी. स्पिरिट लावल्यावर तें वाळूं द्यावें. ओल्या स्पिरिटावर टोंचलें तर जी आग होते ती औषधाची नव्हे, घाईची. कातडी चिमटींत धरावी, सुई न थबकतां आंत घालावी, आणि दट्ट्या सावकाश दाबावा. भित्रा हात नेमका याच्या उलट वागतो: सुई हळूहळू घालतो व औषध घाईनें ढकलतो, म्हणून दोन्हीकडून दुखतें. ज्यास फारच भीति वाटते त्याच्यासाठीं कातडी बधिर करणारें मलम तासभर आधीं लावतां येतें. नंतर जागा चोळूं नये, कापसाचा बोळा दाबून धरावा. सुईस पुन्हां टोपण बसवूं नये; ती तशीच जाड, न भोंसकणाऱ्या डब्यांत टाकावी आणि भरलेला डबा दवाखान्यांत परत द्यावा. ती घरच्या केरांत गेली तर केर वेंचणाऱ्या बाईच्या हातांत शिरते, आणि तिला कोणती सुई लागली हें सांगणारें कोणी नसतें. गर्भवती स्त्रीनें हें औषध हाताळूं नये, ही गोष्टही पुष्कळ घरीं कोणी सांगितलेली नसते.

परंतु सुई कोणाच्या हातांत असावी? येथें माझें मत स्पष्ट आहे. मिशनच्या जुन्या कुष्ठालयांतून सल्फोन औषधें येण्यापूर्वीं, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, आपल्या सह्याद्रींत होणाऱ्या कडू कवठासारख्या झाडांच्या बियांचें दाट तेल रोग्यांस आठवड्यास एकदां-दोनदां टोंचीत, आणि तें वर्षानुवर्षें चाले. तेल दाट, वेदना मोठी, आणि सुई सदैव दुसऱ्याच्या हातीं. रोग्यानें रांगेंत उभें राहावें, हात पुढें करावा. त्या काळीं दुसरा उपाय नव्हता. आज आहे, तरीही कित्येक घरीं मुलाचे हातपाय दोघांनीं धरून तिसऱ्यानें टोंचण्याची रीत चालते. अशानें त्या रात्रीचें काम भागतें, पण तें मूल दुखण्याला नव्हे, घरच्या माणसांना भिऊं लागतें. मोठें झाल्यावर, जेव्हां त्यास कोणी धरून ठेवूं शकत नाहीं, तेव्हां तें औषधच सोडून देतें.

म्हणून सुई मुलाच्या हातीं यावी; पण ती एकदम येऊं नये. प्रथम त्यानें मांडी उजवी कीं डावी एवढेंच ठरवावें. मग स्पिरिटचा बोळा त्याच्याकडे द्यावा. मग आईनें सुई घालावी आणि दट्ट्या त्यानें दाबावा. कधीं तरी तें आपणहून म्हणतें, "आज मी." त्यासाठीं वयाची अट नाहीं, कोणी दहाव्या वर्षीं म्हणतें, कोणी पंधराव्या वर्षींही म्हणत नाहीं, आणि न म्हणणारें मूल भेकड ठरत नाहीं. जें मूल दोन वर्षें स्वतः टोंचीत होतें तें परीक्षेच्या दिवसांत "आई, तूं दे" म्हणूं लागलें, तर ती अधोगति समजूं नये. थकलेला माणूस आपलें ओझें थोडा वेळ दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. मात्र सुई मुलाच्या हातीं गेली म्हणजे आईबाप मोकळे झाले, ही समजूत दुसऱ्या टोकाची चूक आहे. मात्रा पाहणें, वार पाहणें व शेजारीं बसणें हें मोठ्यांचेंच काम. बंद दाराआड एकट्या मुलाच्या हातीं सोंपविलेली सुई कधीं कधीं मोरींत रिकामी होते, आणि तें महिनोन् महिने कोणास कळत नाहीं. सांधे मात्र सुजत राहतात.

जो आपल्या हातानें टोंचतो त्यास कमी दुखतें, असें मी म्हणत नाहीं. त्याला ती वेळ ठाऊक असते. आतां, कीं श्वास घेऊन, कीं दहा मोजून, हें तो ठरवितो. आठवडाभर ज्या गोष्टीची वाट पाहावयाची तीवर एवढी तरी सत्ता असली, म्हणजे शुक्रवार पुष्कळ हलका होतो.

आणखी एक संवय आपण सोडावी, ती "शाबास, किती शूर!" असें दर आठवड्यास म्हणण्याची. एकदोनदां ठीक आहे. पण ज्यास प्रत्येक शनिवारीं शूर म्हटलें गेलें, त्यानें एकादे शनिवारीं रडावें कोठें? "दुखणार नाहीं" हेंही खोटें सांगूं नये. थोडें दुखतें, व मुलास तें आपल्याहून चांगलें ठाऊक आहे. पौल प्रेषिताच्या देहांतील कांट्यावर आपण पुष्कळ प्रवचनें ऐकलीं. प्रवचनकार बहुधा पौलास मिळालेल्या उत्तराकडे धांव घेतात. मला त्या अध्यायांतली आधींची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: हा कांटा निघावा म्हणून त्यानें एकदां नव्हे, तीन वेळां विनविलें. एवढ्या मोठ्या भक्तास कुरकुरण्याची मोकळीक होती, तर सातवीच्या मुलीस कां नसावी?

राहतां राहिलें तें "ताप होता" हें उत्तर. दुखणें झांकावें कीं सांगावें, या प्रश्नास दोन्हीकडून साक्षी मिळतात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूजेस यांची कन्या एलिझाबेथ ही मधुमेहानें व त्यावरील उपासमारीच्या पथ्यानें अस्थिपंजर होऊन १९२२ च्या ऑगस्टांत टोरांटो येथें डॉ. बॅंटिंग यांच्याकडे आली, तेव्हां तिचें वजन अवघें पंचेचाळीस पौंड होतें व तिला पंधरावें वर्ष संपत होतें. नव्यानें सांपडलेल्या इन्शुलिननें ती जगली, स्वतः टोंचून घ्यावयास शिकली, तिनें संसार केला, आणि १९८१ पर्यंत ती जगली. तिनें मात्र आपला आजार जन्मभर बहुतेकांपासून झांकून ठेवला. उलट लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स हेही १९२३ सालीं त्याच इन्शुलिननें वांचले. त्यांनीं आपल्या रोगाविषयीं रोग्यांसाठीं पुस्तक लिहिलें व १९३४ सालीं कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासह रोग्यांची संस्था काढली. झांकून ठेवणारी एलिझाबेथ दीर्घायुषी झाली, हें कबूल केलेंच पाहिजे. झांकल्यानें माणूस मरतो असें नाहीं. पण तिच्यापाशीं घर होतें, पैसा होता, उत्तम वैद्य होते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या व गर्दीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलानें लपवावयाचें म्हणजे त्यानें एकट्यानें पुष्कळ ओझें वाहावयाचें. विशेषतः मुलींच्या बाबतींत "पुढें लग्नाचें कसें" या धास्तीनें आईबाप तोंडास कुलूप घालतात, हें मी जाणतों, आणि त्यांच्यावर रागावूंही शकत नाहीं. गांवभर सांगत फिरावें असें माझें म्हणणें नाहीं. कोणास सांगावें हें मुलानें ठरवावें. पण वर्गशिक्षक व एक-दोन सोबती यांस ठाऊक असावें.

यास एक रोकडें कारणही आहे. हें औषध शरीराची रक्षणशक्ति थोडी दाबून ठेवतें, म्हणून वर्गांत कांजिण्या आल्या तर ज्याला त्या पूर्वीं आलेल्या नाहींत व ज्यास लसही टोंचलेली नाहीं, अशा मुलास त्या जड जाऊं शकतात. संसर्ग झाल्याचें कळतांच त्यानें डॉक्टरांस गांठलें पाहिजे. आणि ज्या लसींत जिवंत जंतु असतात त्या हें औषध चालू असतां डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेतां येत नाहींत. तेव्हां येथें ज्यांच्या घरीं सुई नाहीं त्या पालकांवरही काम येऊन पडतें. आपल्या मुलास कांजिण्या निघाल्या तर त्या लपवून "सर्दी होती" असें सांगून त्यास चौथ्या दिवशीं शाळेंत धाडूं नये. शाळेस त्याच दिवशीं कळवावें.

जून महिन्यांत शाळा उघडतांच संबंधित पालकांनीं वर्गशिक्षकांस एक चिठ्ठी द्यावी. तींत फार लिहावयास नको: औषधाचें नांव, सुईचा वार, सकाळीं आंखडण्यामुळें पहिल्या तासास किती उशीर होऊं शकतो, लिहितांना बोटें दुखल्यास काय करावें, आणि कांजिण्यांची बातमी कोणत्या दूरध्वनीवर कळवावी. परीक्षेंत अधिक वेळ मिळावयाचा असेल तर त्याचा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह आधींच करावा लागतो. तो मार्च उजाडेपर्यंत ठेवूं नये. आणि सहलीचे दिवस ठरण्यापूर्वीं ती चिठ्ठी शिक्षकांच्या हातीं असली, म्हणजे शनिवारीं मुक्काम पडणारी सहल गुरुवार-शुक्रवारवर नेतां येते.